नोटरीच्या पिसांची चमक

ओनोरिना कोंबड्याची पिसं उपटत असते तेव्हा तिच्याशी बोलायला जाऊ नये, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. कोंबड्याचं डोकं तिच्या काखेत, धड दोन गुडघ्यांत, पाठ वर, आणि तोंड सतत चालू. शिव्या कोंबड्याला नसतात. कोंबड्याशी ती फार मायेनं वागते, उपटलेल्या जागेवरून तेलाचं बोट फिरवते, सोडताना त्याच्या तुऱ्याला हात लावते. शिव्या असतात नेमेसिओला. नेमेसिओ तिचा नवरा. तो त्या वेळी बाकावर बसून, तिचं कुठं कुठं चुकतंय ते सांगत असतो.

मी आयुष्यभर एका फिरत्या नाटक कंपनीत विनोदी बायकांची कामं केली. कधी मोठ्या शहरातलं मखमली पडद्याचं नाट्यगृह, तर कधी जत्रेतला फळ्यांचा मंच. गुडघ्यांनी नकार दिला तशी आईबापाच्या घरी, कुरुएन्यो नदीच्या या खोऱ्यात परत आले. ओनोरिनाची आणि माझी भिंत एकच आहे. त्यामुळे या जोडप्याचा प्रयोग मला रोज, आणि पहिल्या रांगेतून.

आमच्या खोऱ्यातले कोंबडे ताटात जाण्यासाठी नसतात, पिसांसाठी असतात. त्यांच्या पाठीवरची लांब, चकचकीत पिसं गळाच्या आकड्याला रेशमाच्या धाग्यानं बांधली की माशी तयार होते. नदीवरून उडणाऱ्या खऱ्या किड्यासारखी दिसणारी माशी. पाण्यावर ती तरंगायला लागली की ट्राउट मासा खालून येतो आणि फसतो. हेच कोंबडे डोंगरापलीकडे नेले की त्यांची पिसं विझतात, असं आमच्याकडे मानतात. दाणा तोच द्या, पाणी इथलं भरून न्या, चमक येत नाही. हे खरं का खोटं यावर गावात कोणी वाद घालत नाही. वाद घालायला दुसरे विषय पुष्कळ आहेत.

कामाची वाटणीही जुनीच. कोंबडे बायकांनी सांभाळायचे, मासे पुरुषांनी धरायचे. कोणी तसा नियम केला नव्हता. नुसतं चालत आलं होतं.

नेमेसिओनं नोकरीभर दुधाची गाडी चालवली, पण त्याचा खरा हुद्दा निराळा होता. तो पिसांचा न्यायाधीश. कुणाच्याही कोंबड्याचं पीस त्याच्याकडे यायचं. तो ते खिडकीशी धरायचा, दोन बोटांत फिरवायचा, हलकी फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "जिवंत आहे." किंवा म्हणायचा, "मेलेलं आहे." त्यावर अपील नाही. मी पुष्कळ मोठे नट पाहिलेत, पण दोन शब्द टाकून सगळी खोली गप्प करणारा असा दुसरा पाहिला नाही. त्याला ते माहीतही होतं. फुंकर घालण्याआधी तो उगाच थांबायचा.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात या न्यायाधीशानं स्वतःच्या घरातल्या कोंबड्याला मेलेला ठरवलं.

कोंबड्याचं नाव नोटरी. चालताना तो छाती पुढे काढून, प्रत्येक पाऊल विचार करून टाकतो, म्हणून. तपकिरी अंगावर बारीक ठिपके, आणि ऊन पडलं की त्या ठिपक्यांच्या खालून मधासारखा उजेड वर येतो. ही जात ओनोरिनाला तिच्या आईकडून आलेली, आईला तिच्या आईकडून. नोटरीच्या भावाला कोल्ह्यानं नेलं होतं, आणि त्या वर्षी अंड्यांतून निघाल्या त्या साऱ्या तलंगा. म्हणजे वंश चालवायला तो एकटाच उरलेला.

नेमेसिओनं पीस खिडकीशी धरलं, फिरवलं, फुंकर घातली आणि म्हणाला, "मेलेलं आहे."

ओनोरिनानं पुढचं दिलं. तेही मेलेलं. त्याच्या पुढचंही.

"सान इसिद्रोच्या जत्रेला याला भाताबरोबर शिजव," तो म्हणाला. "मेलेल्या पिसाची पैदास माझ्या घरात नको. लोक काय म्हणतील?"

एवढ्यावर थांबला असता तर घरातल्या घरात राहिलं असतं. पण प्रामाणिकपणाची खोड फार वाईट. तो तसाच देल्फीनच्या दुकानात गेला. देल्फीनचं दुकान म्हणजे पुढे दारूचा गुत्ता आणि मागच्या खोलीत माशा बांधायचं टेबल. तिथं चार माणसांसमोर यानं जाहीर केलं की आमच्या नोटरीची चमक गेली, आमच्याकडून पिसं घेऊ नका. दुसऱ्या दिवशी देल्फीननं ओनोरिनाच्या पिसांच्या जुड्या अगदी अदबीनं परत आणून दिल्या. "काकू, माझा काही आक्षेप नाही," तो म्हणाला, "पण काकांनी सांगितल्यावर मी घेतली तर उद्या माझ्याकडे कोण येईल?"

त्या दिवशी भिंतीपलीकडून मला भांड्यांचे जे आवाज आले, ते आमच्या कंपनीच्या युद्धाच्या प्रवेशातही येत नसत.

मग कारणांचा शोध सुरू झाला. नेमेसिओ म्हणाला, मका. मक्यानं पिसाला चरबी चढते. ओनोरिनानं मका बंद करून जव सुरू केले. फरक नाही. मग खुराड्यावरचा पत्रा. त्याच्याखाली कोंबडा उकडतो. तिनं पत्रा काढून कौलं घातली, शिडीवर स्वतः चढून, आणि हा खालून कुठलं कौल वाकडं आहे ते सांगत होता. मग खुराड्याचं तोंड. ते उगवतीला हवं. ते फिरवलं. मग डोंगरापलीकडून, अस्तुरियासहून आणलेली ती पांढरी कोंबडी. तिकडे सदा धुकं, ती कोंबडी मनानं ओली आहे, तिच्या संगतीनं नोटरी खचला. पांढरी कोंबडी मला देण्यात आली. चांगली आहे बिचारी, अंडी देते, मनानं ओली वगैरे काही वाटली नाही.

प्रत्येक बदलानंतर पीस पुन्हा खिडकीशी. पुन्हा फुंकर. पुन्हा मेलेलं.

"या कोंबड्याला मारायचंच असतं ना मला, तर कधीच मारला असता," ओनोरिना माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली. तिच्या हातात नोटरीचं पीस होतं आणि ती ते माझ्या खिडकीशी धरून बघत होती. "मला चमकताना दिसतंय, विसी. तुला?"

मलाही दिसत होतं. दिव्याखाली जरीचा पोशाख हलतो तसं दिसत होतं.

"पण मला काय कळतं," ती म्हणाली. "मी कधी नदीत उतरलेय? त्याला माहीत, ट्राउट काय बघतो ते. मला फक्त उपटायचं माहीत."

हे ती रागानं म्हणाली नाही, आणि मला तेच खटकलं. तिच्या आईच्या जातीचा शेवटचा कोंबडा मरणार होता, तिचे डोळे साक्ष देत होते, आणि ती स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवत होती.

वाट देल्फीननं दाखवली, नकळत. तो म्हणाला होता की आम्ही माणसं काही म्हणोत, शेवटचा निकाल ट्राउटचा. ओनोरिनानं नेमेसिओला म्हटलं, नोटरीच्या पिसाची माशी बांध आणि पाण्यावर टाकून बघ. तो म्हणाला, मेलेलं पीस मी माझ्या गळाच्या दोरीला लावणार नाही. गावातल्या दुसऱ्या पुरुषांना विचारलं. ते सगळे आभाळाकडे बघायला लागले. नेमेसिओच्या विरुद्ध कोण जाणार?

तेव्हा एप्रिलच्या एका सकाळी ओनोरिनानं दारामागची नवऱ्याची मासे धरायची काठी उचलली, त्याचे रबरी बूट आत दोन जोड मोजे घालून चढवले, एप्रन तसाच ठेवला आणि नदीकडे निघाली. परवाना तिनं आधीच गुपचूप काढून ठेवला होता. माशा देल्फीननं बांधून दिल्या होत्या, कोणाला सांगणार नाही या अटीवर. जाताना माझ्या दारावर तिनं काठीनं ठोकलं.

"खुर्ची घे," ती म्हणाली. "आणि काहीतरी खायला. मला साक्षीदार हवाय."

मी घडीची खुर्ची, बटाट्याचं जाड आम्लेट आणि धुरी दिलेलं मांस घेऊन निघाले. आम्ही पुलापर्यंत पोचतो न पोचतो तो नेमेसिओ मागून धापा टाकत आलाच. मला वाटलं अडवायला आला. छे. तो म्हणाला, "काठी तशी धरतात का?"

पुढचे दिवस मी विसरणार नाही. कंपनीत आमचा एक प्रॉम्प्टर होता. तो नटांपेक्षा मोठ्यानं बोलायचा आणि लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. नेमेसिओ त्याचा बाप. काठावरच्या दगडावर बसून त्याचं सुरू व्हायचं. मनगट मोडू नकोस. कोपर कुठे चाललंय. झाडू मारतेस का. दोरी मागे जाऊ दे. जाऊ दे म्हणजे जाऊ दे. आता पुढे. आता नाही, आधीच पुढे. ओनोरिना काठी मागे न्यायची आणि लगेच पुढे आणायची. मागे गेलेली दोरी धड उलगडलेलीच नसायची, त्यामुळे ती पुढे न जाता तिच्याच डोक्यावर ढीग होऊन पडायची. पहिल्या दिवशी तिनं धरलं ते असं: विलोच्या फांद्या, स्वतःची ओढणी, एप्रनचा खिसा, आणि एकदा माझं आम्लेट.

"अरे माणसा, तू दोन मिनिटं गप्प बसशील?" ती पाण्यातून म्हणायची.

"मी गप्प बसलो तर तू शिकणार कशी?"

"तू बोलतोयस म्हणून शिकत नाहीये."

दोघांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे भांडण संपायला जागाच नव्हती.

शेवटी मला राहवलं नाही. तंत्र मला काही कळत नव्हतं, पण चूक ओळखीची वाटली. मी तिला म्हटलं, ओनोरिना, विनोदाचं वाक्य टाकल्यावर नट लगेच पुढचं बोलला तर दोन्ही वाक्यं मरतात. हशा वर जाऊ द्यायचा असतो. तो छताला लागला, आता खाली येणार, की मग पुढचं. तुझी दोरी मागे जाते तो हशा आहे. तो पुरा होऊ दे.

तिनं माझ्याकडे जरा बघितलं. मग काठी मागे नेली आणि थांबली. दोरी मागे सरळ झाली. तिनं काठी पुढे आणली, आणि दोरी पाण्यावरून सरळ, लांबवर गेली. माशी पॉपलरच्या झाडाच्या सावलीत, हळूच, जिथं हवी होती तिथं उतरली.

"हेच मी सांगत होतो," नेमेसिओ म्हणाला.

मासा मात्र लागेना. कारण मासा वरच येत नव्हता. पाण्यातून खरी माशी उठल्याशिवाय ट्राउट वर बघत नाही, आणि माशी केव्हा उठेल ते नदी ठरवते. वाट बघायची. ओनोरिनाला वाट बघणं म्हणजे शिक्षा. घरी कपडे भिजत पडलेत, कोंबड्या कोंडलेल्या आहेत, आणि मी इथं पाण्यात खांबासारखी उभी, असं तिचं चालू असायचं. पण रिकामे हात तिला सहन होत नाहीत. ती वाकून पाण्यातले दगड उलटे करून बघायला लागली. दगडाच्या पोटाला चिकटलेले चपटे, तीन शेपट्यांचे जीव. वाळूचे कण जोडून नळीचं घर केलेल्या अळ्या. ती एक एक तळहातावर घेऊन, नाकाजवळ धरून बघायची आणि परत ठेवायची. पुढे पुढे दगड उलटायला ती आमच्याही आधी निघायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची की पाय मोकळे करायला जाते.

एकदा एक माशी तिच्या बाहीवर येऊन बसली, नुकती पाण्यातून निघालेली, पंख उभे, अजून ओलसर. ओनोरिनानं हात तसाच धरला. माशीच्या पंखांवर तपकिरी ठिपके होते आणि ठिपक्यांच्या मधून उजेड येत होता.

"विसी," ती म्हणाली, "ही नोटरीची पाठ आहे."

खरंच होती. रंग तोच, ठिपके तेच. ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ती हरखली आहे. वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झालेला.

"इतकी वर्षं," ती काठावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "इतकी वर्षं मी पिसं उपटतेय. थंडीत बोटं फुटेपर्यंत. माझ्या आईनं उपटली. आणि तुम्हा पुरुषांपैकी एकानंही मला इथं आणून दाखवलं नाही की बाई, हे बघ, हे यासाठी?"

नेमेसिओ म्हणाला, "तू विचारलं नाहीस."

तिनं काठी त्याच्या डोक्यात घातली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

सान इसिद्रोची जत्रा तोंडावर आली. त्या दिवशी या संताची मूर्ती शेतांतून फिरवतात, मग प्रत्येक घरी मोठं जेवण. नेमेसिओनं देल्फीनच्या दुकानात सांगूनही टाकलं होतं की आमच्याकडे कोंबडा-भात आहे. न्यायाधीशानं निकाल फिरवला असं गावात कधी झालं नव्हतं, आणि आता चार लोकांना आमंत्रण गेलेलं. ओनोरिनाच्या हातात शेवटची एक दुपार राहिली होती.

दुपार ढगाळ होती, उबदार, वारा नाही. आम्ही पुलाच्या वरच्या डोहाशी बसलो होतो. जेवून झालं होतं. आणि मग माशी उठायला लागली.

आधी एक माशी पाण्यावरून तरंगत आली, पंख शिडासारखे उभे करून. मग तिच्या मागे चार. मग मोजता येईनात. नदीच्या तळाशी वर्षभर दगडाखाली राहिलेला जीव वर येतो, पाण्याच्या कातडीखाली क्षणभर अडतो, पाठ उकलते आणि त्या जुन्या कपड्यातून एक पंखवाली बाहेर पाऊल टाकते. आम्ही नट्या वेष बदलायला विंगेत पळायचो, चार बायका बंद ओढायला असायच्या, तरी एखादा हुक राहायचाच. ह्या मधोमध रंगमंचावर बदलत होत्या, खाली तोंड उघडून बसलेल्या प्रेक्षकांच्या डोक्यावर. काही उडाल्या. काही पंख वाळेपर्यंत तरंगत राहिल्या, आणि तिथं पाण्यावर एक वर्तुळ उठायचं आणि माशी नाहीशी व्हायची. वर्तुळं सगळ्या डोहावर उठत होती. जन्मभर मी या नदीकाठची, पण मे महिन्यात मी कायम दौऱ्यावर. हे मी पहिल्यांदा पाहत होते.

नेमेसिओनं पाण्याकडे बघून घेतलं, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाला, "आज काही नाही. आवरा."

ओनोरिनानं त्याच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याच्या टोपीवर माशा बसल्या होत्या. बाहीवर होत्या. एक त्याच्या हाताच्या पाठीवर पंख वाळवत होती.

मी तोंड उघडलं तर ओनोरिनानं मला बोटानं गप्प केलं. ती उठली, पाण्यात उतरली. दोरीला तिनं नोटरीची माशी बांधली. काठी मागे नेली, थांबली, पुढे आणली.

पहिला मासा तिच्या घाईनं सुटला. दुसऱ्यानं माशी अशी अलगद उचलली की जणू आमंत्रणच होतं. काठी वाकली. नेमेसिओ ताडकन उभा राहिला, कारण रिळाचा आवाज त्याला ओळखीचा. मग परत तेच: काठी वर, दोरी दे, ओढू नकोस. ती त्याचं काही ऐकत नव्हती. ती माशाशी बोलत होती, कोंबड्याशी बोलते तशी, हळू आवाजात. मासा जाळीत आल्यावर तिनं तो पाण्यातच धरून काठाशी आणला आणि नवऱ्याचा हात धरून त्यावर ठेवला. ठिपक्यांचा, जाड, थंड ट्राउट.

"बरा आहे," तो म्हणाला. "कशावर?"

"नोटरीवर."

"मूर्ख ट्राउट असेल एखादा."

तिनं मासा सोडून दिला. आमच्याकडे या पट्ट्यात सोडावाच लागतो, ज्यावरही नेमेसिओचं एक भाषण आहे, पण त्या दिवशी त्यानं ते केलं नाही. ती त्याच्यासमोर ओल्या दगडावर बसली, त्याचा हात उचलून त्याच्याच तोंडासमोर धरला. माशी अजून तिथंच होती.

"नेमेसिओ, तुझ्या हातावर काय आहे?"

त्यानं बघितलं. हात जवळ घेतला, लांब नेला.

"काय आहे?"

"नदी भरून माशी उठलीय. तुझ्या टोपीवर बसल्यात. हातावर एक आहे."

"ढग आहेत आज," तो म्हणाला. "उजेड कमी आहे."

"ढग तुझ्या डोळ्यांत आहेत, माणसा."

वर येणाऱ्या ट्राउटांचे पाण्यावरचे आवाज ऐकू यायला लागले. त्यानं मान वळवून कान नदीकडे केला. त्या बुडुक-बुडुक आवाजांवरून त्याला सगळं कळलं असणार, कारण चेहरा हळूहळू उतरत गेला. तो आपल्या उमेदीचे दिवस ऐकत होता, आणि ते त्याच्या नाकासमोर चालले होते.

"कुठला रंग आहे?" त्यानं विचारलं.

"नोटरीच्या पाठीचा. कण्याजवळचा, मधला."

"आणि पीस? पीस तुला कसं दिसतं?"

"जसं आईच्या वेळी दिसायचं तसं. ते काही मेलेलं नाही."

मग त्याच्या डोक्यात काहीतरी चाललं आणि जुना नेमेसिओ परत आला. "मग खुराडं कशाला फिरवलंस? छप्पर कशाला काढलंस?"

"तू सांगितलंस म्हणून!"

"जन्मात माझं एक ऐकलं नाहीस," तो म्हणाला, "आणि ऐकायला नेमकं हेच सापडलं?"

ओनोरिनानं माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती हसत होती की वैतागली होती ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

जत्रेला त्यांच्या घरी कोकराचं मांस झालं. पाहुण्यांनी कोंबड्याची चौकशी केली तेव्हा नेमेसिओ म्हणाला, खटला पुन्हा उघडलाय. नोटरी बाहेर अंगणात पाऊल मोजत फिरत होता.

डॉक्टरांकडे न्यायला मात्र नाकी नऊ आले. मोतीबिंदू म्हातारपणी होतो, आणि मी म्हातारा नाही, असं त्याचं म्हणणं. मग म्हणे, लेऑनच्या इस्पितळात खाणं वाईट मिळतं. ओनोरिनानं त्याला सांगितलं की त्या कामाला जेवणाइतकाही वेळ लागत नाही. मग म्हणे, एवढ्या थोड्या वेळात करतात म्हणजे निष्काळजीपणे करतात. शेवटी उन्हाळ्यात एक डोळा झाला आणि पानगळीत दुसरा.

पट्टी काढून घरी आला त्या दिवशी मी तिथंच होते. तो स्वयंपाकघरात उभा राहून भिंती बघत होता. मग बायकोकडे वळला आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"तू कधी म्हातारी झालीस?" त्यानं विचारलं.

"तू मक्याला दोष देत होतास तेव्हा," ती म्हणाली. "आणि ते कोळिष्टक मला दिसलंय, सांगू नकोस."

मग तो अंगणात गेला. ऊन होतं. नोटरी खुराड्यासमोर उभा होता. नेमेसिओनं त्याला नीट धरलं, पाठीवरून हात फिरवला, एक पीस उपटलं आणि उन्हात धरलं. फुंकर घातली नाही. ठिपक्यांखालून येणारा मधासारखा उजेड बघत तो नुसता उभा राहिला. आम्ही दोघी दारात. मी मनातल्या मनात त्याचं वाक्य लिहीत होते: चुकलो, बाई. असा प्रसंग, असा उजेड, आणि नटाला एवढंच म्हणायचं.

"जिवंत आहे," तो म्हणाला, आणि देल्फीनकडे निघून गेला.

तिथं त्यानं काय सांगितलं ते आम्हाला संध्याकाळी देल्फीननंच येऊन सांगितलं, खाली मान घालून. काका म्हणाले की नोटरीची चमक परत आली. खुराडं उगवतीला फिरवलं आणि कौलं घातली, त्याचा गुण. मका बंद केला तोही. काका म्हणाले, आपण सांगितलं तसं वेळेवर झालं म्हणून कोंबडा वाचला. आता गावात तिघांनी पत्रे काढायला घेतलेत.

ओनोरिनानं हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं आता भिंत पडणार. पण तिनं बाहीला चिकटलेलं एक पीस काढून दिव्याकडे धरलं. देल्फीननं विचारलं, काकू, मग जुड्या परत पाठवाल ना? तेव्हा ती म्हणाली, पाठवेन, पण आता निवड मी करणार. कुठलं पीस कुठल्या माशीचं ते मी बघून आलेय. तुझ्या काकांना उन्हात पीस धरून उभं राहू दे.

पुढच्या वसंतात नेमेसिओ नवे डोळे घेऊन दारामागे गेला तर काठी नव्हती. काठी नदीवर होती, ओनोरिनाबरोबर. तो तिथं जाऊन काठावर बसला, आणि आता त्याला सगळंच दिसत असल्यामुळे पूर्वी जे अंदाजानं सांगायचा ते बारकाव्यानिशी सांगायला लागला. मनगट. गाठ. सावली पाण्यावर पडतेय. डावा बूट निसटतोय. ती थोडा वेळ सहन करायची आणि मग वळणापलीकडे, विलोच्या दाटीत जायची, जिथं नवे डोळेही पोचत नाहीत.

"गेली कुठे ही?" तो मला विचारायचा.

मी म्हणायचे, विश्रांतीची वेळ आहे, बस.

शेवटी त्यानं देल्फीनकडून जुनी काठी मागून आणली. पण काठीला माशी हवी, माशीला पीस हवं, आणि पिसं कोणाकडे? तो अंगणात आला, टोपी काढली आणि म्हणाला की नोटरीची थोडी दे. ओनोरिना कोंबडा गुडघ्यांत धरून बसलीच होती. तिनं मांडीवरच्या ढिगातून एक एक उचलून, उजेडाकडे धरून, सावकाश एक जुडी बांधली आणि त्याला दिली.

त्यानं ती बघितली. ती पाठीच्या कडेची पिसं होती. वाईट नव्हेत, पण कण्याजवळची, सगळ्यांत चमकदार, ती नव्हेत, आणि या खोऱ्यात ते त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. तिनं वर बघितलं.

"बरी आहेत," तो म्हणाला, आणि जुडी खिशात घालून गेला.